चाळीसच्या वर

बंटीची परीक्षा माझ्या दहावीचा शेवटचा पेपर संपल्यावर बरोबर पाच आठवड्यांनी होती, आणि खरं सांगते, बीजगणिताच्या पेपरचीसुद्धा मी इतकी धास्ती घेतली नव्हती.

बंटी माझा धाकटा भाऊ. वय बारा, अंगाने माझ्या दीडपट. जन्मल्यावर तो बराच वेळ रडलाच नाही, त्यात मेंदूला इजा झाली, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. बोलतो, पण हळू. चालतो, पण उजवा पाय ओढत. शर्टाची बटणं मी लावते, बुटाची लेस मी बांधते, वरणभात मी कालवून देते. तिसरीपर्यंत त्याला माझ्याच शाळेत बसवत होते. मग बाई म्हणाल्या, आता याच्यासाठी दुसरीकडे कुठे बघा. तेव्हापासून तो घरीच आहे.

घर म्हणजे सिडकोतल्या पवननगरात दोन खोल्या. पप्पा एसटीवर ड्रायव्हर, नाशिक-नांदगाव, त्यामुळे ते कधी घरी असतील ते त्यांनाही माहीत नसतं. मम्मी अंबडला एका कंपनीत पॅकिंगला. माझी शाळा सकाळची आणि तिची पाळी दुपारची. मी दीडला पाच कमी असताना घरी पोचायचे, दीडला ती पर्स उचलायची. दारातच आमची बदली व्हायची. चार वर्षं असंच चाललं होतं, म्हणजे चार वर्षं दुपारी दीडनंतर मी एकटी कुठेही गेलेली नाही. गेले तर बंटीला घेऊन. निकिता माझी बेस्ट फ्रेंड. तिच्या वाढदिवसाला त्याने केक कापायच्या आधीच त्यात हात घातला. तिथे मी हसले, घरी आल्यावर त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग स्वतःच रडत बसले. असलं आमचं चालतं.

फेब्रुवारीत कंपनीने पॅकिंगची दुपारची पाळी बंद केली. आता मम्मीला आठ ते पाच जायचं होतं. माझा पेपर असेल त्या दिवशी तिने रजा टाकली, सुट्टीत मी घरीच होते. पण जूनचं काय? मला सायन्स घ्यायचं होतं, कॉलेज रोडला, निकिताबरोबर. सकाळी नऊला निघायचं आणि चारनंतर परत यायचं. हे मी आठवीपासून ठरवलेलं होतं. बसचा नंबरसुद्धा मला पाठ होता.

शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी मम्मी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, बंटीला केंद्रात घेतलं तर तू खुशाल जा कॉलेज रोडला. नाही घेतलं तर इथेच जवळ आर्ट्सला नाव घालू, तिथे हजेरी कोणी बघत नाही. ती चिडून म्हणाली असती तर मला भांडता आलं असतं. पण तिने साध्या आवाजात सांगितलं आणि पोळी उलटली. मला इतका राग आला की मी गच्चीत जाऊन वाळत घातलेले सगळे कपडे ओलेच काढून आणले.

केंद्र म्हणजे पाथर्डी फाट्याकडे बंटीसारख्या मुलांसाठी एक जागा आहे. सकाळी व्हॅन येते, संध्याकाळी सोडते. तिथे कागदी पिशव्या करायला शिकवतात, पणत्या रंगवायला शिकवतात. मम्मीने फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितलं, सरकारी दवाखान्यातून तपासणी करून आणा. चाळीस टक्के किंवा वर आले तर लगेच घेऊ. त्याखाली आले तर आमचा नाइलाज आहे. मम्मीने मला हे शब्द न् शब्द सांगितलं.

आता तुम्हीच सांगा, घरात दहावीची मुलगी असताना हे ऐकून कोणाला काय वाटेल? आमच्याकडे टक्के म्हणजे टक्के. मम्मीलाही तेच वाटलं, पप्पांनाही तेच वाटलं. मी तर लगेच वही काढली.

आमच्या खालच्या मजल्यावर लंकाबाई आजी राहतात. त्यांचा नातू रोहित दहा वर्षांचा आहे, तो अजिबात बोलत नाही. त्याची तपासणी गेल्या वर्षी झाली होती. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले आणि काय काय विचारतात ते उतरवून घेतलं. आधी नाव, मग वय, पत्ता, पप्पांचा फोन नंबर, मग वार, महिने, रंग, आगीला हात लावला तर काय होतं, पाऊस आला तर काय घेशील. आजींची आठवण एकदम पक्की. क्रमसुद्धा तोच सांगितला. मी म्हटलं, चला, पेपर फुटला आपल्याला. मग मी विचारलं, रोहितला किती पडले? आजी म्हणाल्या, एकाचंही उत्तर नाही दिलं मेल्याने, पण डॉक्टर देवमाणूस, पंच्याहत्तर दिले.

मी घरी येऊन मम्मीला सांगितलं की तिथे मार्क सढळ हाताने देतात. रोहितला गप्प बसून पंच्याहत्तर, तर आपल्या बंटीला नव्वद कुठे गेले नाहीत. तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कुणास ठाऊक.

बंटीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. वर्षभर त्याने मला पाठ करताना बघितलं होतं, आणि आता त्यालाही पेपर होता. त्याने माझा कंपास मागितला, पॅड मागितलं. सकाळी आंघोळ झाली की तो स्वतःच येऊन माझ्यासमोर मांडी घालून बसायचा. सुरुवात केली की तो माझ्या तोंडाकडे बघायचा. उत्तर बरोबर असलं की मी मान हलवायची, मग तो पुढचं सांगायचा. मान हलली नाही की तो थांबायचा आणि दुसरं काहीतरी सांगून बघायचा.

मी चांगली शिक्षिका नाही. गुरुवारनंतर तो रोज रविवार म्हणायचा आणि माझं डोकं फिरायचं. मी पट्टी फरशीवर आपटायचे. एकदा त्याच्या हातावर मारली. तो रडला नाही, त्याने हात शर्टाखाली लपवला आणि परत सोमवारपासून सुरुवात केली. मला लाज वाटली, पण मी थांबले नाही. मला कॉलेज रोड दिसत होता ना समोर.

तिसऱ्या आठवड्यात तो सगळं एका दमात म्हणायला लागला. माझं नाव बंटी, वय बारा, राहणार पवननगर, इथपासून ते पाऊस आला तर छत्री, इथपर्यंत. मध्ये अडला की परत नावापासून. पप्पा त्या दिवशी घरी होते. त्यांनी दोनदा म्हणून घेतलं आणि म्हणाले, लय भारी, साठ तर कुठं नाय गेले. ते खाली जाऊन त्याच्यासाठी एक निळं पेन घेऊन आले.

तपासणीच्या दिवशी आम्ही सव्वाआठलाच दवाखान्यात पोचलो, तरी आमचा नंबर एक्केचाळीस. मम्मीने रजा टाकली होती. लांबलचक व्हरांडा, दोन पंखे आणि बसायला तीन बाकं. मला बसवेना. मी जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे, दारावरच्या शिपायाला नंबर विचारायचे. तो म्हणाला, ताई, तू फेऱ्या मारल्याने नंबर पळत नाही. माझी सगळी नखं खाऊन संपली. बंटी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून बसला होता आणि मोठ्याने उजळणी करत होता. शेजारच्या बाईने मम्मीला विचारलं, हा तर छान बोलतो की, याला कशाला आणलं? मम्मीने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हिने शिकवलंय सगळं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा फार बरं वाटलं.

साडेबाराला आत बोलावलं. टेबलामागे एक चष्मेवाल्या मॅडम होत्या, दमलेल्या दिसत होत्या. त्यांनी मम्मीला आणि मला बाजूच्या खुर्च्यांवर बसवलं, मध्ये बोलायचं नाही म्हणून सांगितलं, आणि नाव विचारलं. मग वय, मग पत्ता. लंकाबाई आजींनी सांगितलेलंच, त्याच क्रमाने. बंटी एकेक उत्तर देत होता आणि माझ्याकडे बघत होता, मी अगदी थोडी मान हलवत होते. वार बरोबर, महिने बरोबर, गुरुवारनंतर शुक्रवार. मला उभं राहून ओरडावंसं वाटत होतं. नंतर त्यांनी लाकडी ठोकळे दिले आणि चित्रासारखे रचायला सांगितले. ते काही त्याला जमलं नाही. पण एका प्रश्नाचं काय एवढं, असं मी मनाशी म्हटलं.

मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. शेवटी मम्मीनेच विचारलं, किती पडतील? मॅडम म्हणाल्या, सही डॉक्टरांची असते, पण माझ्या मते पंचवीसच्या आसपास. चाळीसमध्ये नाही बसणार तो.

मग माझा तोल गेला. मी उभी राहिले. मी म्हणाले की सगळी उत्तरं बरोबर आलीत, मी स्वतः ऐकलीत, एका ठोकळ्यांच्या प्रश्नाचे इतके मार्क कापतात का? आमच्या खालच्या रोहितने तोंड उघडलं नाही, त्याला पंच्याहत्तर, आणि माझ्या भावाला पंचवीस? आम्हाला रीचेकिंग करायचंय, त्याचा अर्ज कुठे मिळतो ते सांगा. मम्मी माझ्या ओढणीचा शेव ओढत होती. मॅडमनी मला सगळं बोलू दिलं. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाळा, हे मार्क नाहीत," त्या म्हणाल्या. "त्याला किती अडचण आहे, त्याचे हे टक्के आहेत. जितकं जास्त येतं, तितके टक्के कमी."

मी खाली बसले. मम्मीने माझ्याकडे बघितलं. तिने एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. पाच आठवडे. पट्टी आपटून आपटून, हातावर मारून, मी स्वतःच्या हाताने त्याला पंचवीसवर आणून ठेवला होता. कॉलेज रोड गेला. आता रोज आठ ते पाच त्या दोन खोल्या, मी आणि तो, कितीतरी वर्षं.

मॅडम कागद परत चाळत होत्या. त्या म्हणाल्या, याची उत्तरं आणि ठोकळे यांचा मेळ बसत नाही. घरी कोणी करून घेतलं का? असेल तर खरं सांगा, मी परत तपासते.

मी बंटीकडे बघितलं. पेपर संपला असं समजून तो पेनाला टोपण लावत होता. त्याने माझ्याकडे बघून हसून दाखवलं. लोकांना वाटतं त्याला आपलं बोलणं कळत नाही. त्याच्याबद्दल बोललेलं त्याला सगळं कळतं, फक्त उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि तोवर लोक पुढे निघून गेलेले असतात. हे मला माहीत होतं. मम्मीपेक्षाही जास्त मला माहीत होतं.

"पाठ केलंय त्याने," मी म्हणाले. "समजत काही नाही त्याला. मधूनच विचारा, एक सांगता येणार नाही."

त्याचं हसू तसंच राहिलं. मग त्याने मम्मीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"येतं," तो हळूच म्हणाला. "मला येतं, ताई."

मॅडमनी विचारलं, बुधवारच्या आधी कोणता वार? तो म्हणाला, माझं नाव बंटी, वय बारा. त्यांनी विचारलं, या भिंतीचा रंग कोणता? तो परत म्हणाला, माझं नाव बंटी. प्रत्येक वेळी तो पहिल्यापासून सुरू करत होता, पत्त्यापर्यंत जात होता आणि थांबत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी मनात म्हणत होते, चुकू दे, देवा, हेही चुकू दे. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीबद्दलसुद्धा मी असं कधी मागितलं नव्हतं. आणि तो चुकत होता, आणि प्रत्येक वेळी मला सुटल्यासारखं वाटत होतं.

मग त्यांनी एक कार्ड ठेवलं. त्यावर चार चित्रं होती. बस, रिक्षा, सायकल आणि कप. यातलं वेगळं कोणतं, त्यावर बोट ठेव.

हे माझ्या वहीत नव्हतं. असलं काही मी त्याला शिकवलंच नव्हतं. पहिल्यांदा तो नाव सांगायला लागला नाही. त्याने कार्ड जवळ ओढलं, जिभेचं टोक बाहेर काढलं आणि खूप वेळ बघत राहिला. मग त्याने बोट ठेवलं. कपावर ठेवलं. आणि नेहमीसारखं माझ्याकडे बघितलं.

मॅडम खाली वाकून खणातून काहीतरी काढत होत्या. मला फक्त एवढीशी मान हलवायची होती. मी हलवली नाही. तो वाट बघत होता. त्याच्या डोळ्यांत इतकी खात्री होती की मला तिथून उठून पळावंसं वाटलं. मी खिडकीकडे बघायला लागले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला त्याचं बोट दिसत होतं. ते उचललं गेलं, थोडं थांबलं, आणि बसवर जाऊन टेकलं.

"बस?" मॅडमनी वर बघून विचारलं.

"बस," तो म्हणाला. त्यांनी लिहून घेतलं.

आणखी पाच-सहा कार्डं झाली. तो कुठेही बोट ठेवत होता, आधी माझ्याकडे बघून. शेवटी मॅडम म्हणाल्या, पन्नास होतील, डॉक्टरांची सही झाली की काम झालं. मम्मीने दोन्ही हात जोडले. बाहेर आल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, वेळेवर बोललीस बाई, म्हणाली, आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणायला गेटकडे गेली. तिचे डोळे भरले होते. आता पाच वाजेपर्यंतच्या नोकरीसाठी तिला मला घरी बसवावं लागणार नव्हतं.

आम्ही दोघं व्हरांड्याच्या पायरीवर थांबलो. मला आनंद झाला होता, ते मी नाकारणार नाही. मी निकिताला मेसेज केला, झालं, कॉलेज रोड पक्का. तिने लगेच नाचणाऱ्या बाहुल्या पाठवल्या. मी त्या बघत होते, पण माझा पाय हलायचा थांबत नव्हता. बंटी बसत नव्हता. तो मॅडमच्या दाराकडे बघत उभा होता, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्याने घेतली नाही. मी विचारलं, वडापाव खातोस का? त्याने त्यालाही मान हलवली नाही. वडापावला नाही म्हणणारा बंटी मी कधी बघितला नव्हता. मग बऱ्याच वेळाने त्याने माझी बाही ओढली.

"कपात बसता येत नाही," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही. मी म्हटलं, काय?

"बसमध्ये बसतो. रिक्षात बसतो. सायकलवर बसतो." प्रत्येकानंतर तो थांबून श्वास घेत होता. "कपात नाही बसत. कप होता ना, ताई?"

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी नाही, मम्मीने नाही, तिसरीतल्या बाईंनी नाही. त्या कार्डाकडे बघत हे त्याचं त्याने शोधून काढलं होतं, आणि अर्धा तास झाला तरी ते सोडलं नव्हतं. मी 'नाही, बसच होती' म्हणाले असते तर त्याने ते मानलं असतं. मी सांगितलेलं तो सगळं मानतो.

"कपच होता," मी म्हणाले. "तुझं बरोबर होतं, बंटी. मला माहीत होतं. मी मुद्दाम मान हलवली नाही."

तो विचार करायला लागला. त्याला वेळ लागतो. मी थांबले. मला वाटत होतं, त्याने मारावं, ओरडावं, तिथेच फतकल मारून रडावं, म्हणजे मलाही रडता येईल. तो यातलं काहीच करत नव्हता. लोक आमच्या अंगावरून जिना चढत-उतरत होते.

"मग तू नापास," शेवटी तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले.

गेटकडून मम्मी झेरॉक्सचे कागद घेऊन येताना दिसली. मी सवयीने हात पुढे केला, कारण पायऱ्या उतरताना त्याला आधार लागतो. त्याने हाताकडे बघितलं. मग कठड्याला धरून, पाय ओढत, एकेक पायरी उतरत, तो एकटाच तिला कपाचं सांगायला निघाला.